मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

मुंबईहून लंडन किती दूर आहे, ह्या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात : एक मैलांचे आणि दुसरे तासांचे. प्रवाशाला बहुधा दुसऱ्याच उत्तराशी कर्तव्य असते. पण विमान चालवणाऱ्याला, त्यासाठी इंधनाचा हिशोब करणाऱ्याला आणि वेळापत्रक आखणाऱ्याला दोन्ही उत्तरे ठाऊक असावी लागतात. वरवर पाहता पहिल्या उत्तराला वेगाने भागले की दुसरे हाती येते. शाळेतील अंकगणितात काळ, काम आणि वेग ह्यांची उदाहरणे ह्याच रीतीने सोडवली जातात. परंतु ह्या दोन शहरांमधील हवाई दळणवळणाचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा सरळ भागाकार क्वचितच जुळलेला दिसतो. तो का जुळला नाही, हे पाहणे उद्बोधक आहे.

जलमार्गाच्या काळी अंतर म्हणजे जहाजाने कापलेली वाट, एवढाच अर्थ होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जहाजे मुंबईस येत. १८६९ साली सुएझचा कालवा वाहतुकीला खुला झाला आणि ही वाट सुमारे दोन-पंचमांशाने घटली. मुंबई आपल्या जागेवरून हलली नाही, लंडनही हलले नाही. वाट तेवढी बदलली. विमान आले तेव्हा असे वाटणे साहजिक होते, की आता वळसे संपले. आकाशाला भूशिरे नाहीत, डोंगर नाहीत, कालवे खणण्याचीही गरज नाही. तेव्हा दोन स्थळांमधील सरळ रेषा काढावी आणि निघावे.

पण ही सरळ रेषा कोणती? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि लंडन जोडली, तर ती रेघ इराणी आखाताच्या परिसरातून आणि तुर्कस्तानच्या दक्षिण भागातून जाते. आता शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरून दोरा घट्ट ताणावा. दोरा निराळीच वाट दाखवतो. तो मुंबईहून वायव्येस निघतो, जवळजवळ कराचीवरून जातो, बलुचिस्तान व इराण ओलांडतो, कॅस्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला स्पर्श करतो, कॉकेशस पर्वत आणि काळा समुद्र ह्यांवरून मध्य युरोपात उतरतो आणि जर्मनीवरून लंडनला पोहोचतो. निम्म्या वाटेच्या आसपास हा दोरा नकाशावरील रेघेपेक्षा शेकडो मैल उत्तरेस असतो.

दोऱ्याचेच खरे आहे. गेरार्डस मर्केटर ह्याने १५६९ साली तयार केलेला नकाशा खलाशांसाठी होता. त्यावर होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट सरळ दिसते, हा त्याचा गुण. पण वाटोळ्या पृथ्वीला सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडील प्रदेश ताणले जातात, हा त्याचा दोष. गोलावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड वाट म्हणजे, ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशीच आहे, त्या वर्तुळाचा कंस होय. ह्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात.

ह्या कंसाची लांबी काढण्याचे गणित मुळात भारतीय वाचकाला परके नाही. धनुष्याच्या दोरीवरून आपल्या ज्योतिष्यांनी जीवेला ‘ज्या’ हे नाव दिले. ‘जीवा’ हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला आणि त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ असे झाले. आज शाळेत शिकवली जाणारी ‘साइन’ ती हीच. सूर्यसिद्धान्तात ज्यांबरोबर उत्क्रमज्याही दिलेल्या आहेत. ह्या उत्क्रमज्येच्या निम्म्याला इंग्रजीत ‘हॅव्हरसाइन’ म्हणतात. हे नाव जेम्स इनमन ह्याने १८३५ साली नौकानयनाच्या गणितात रूढ केले. दोन्ही स्थळांचे अक्षांश आणि रेखांश ठाऊक असले, की ह्या रीतीने पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन निघतो. मुंबई आणि लंडन ह्यांच्या बाबतीत हा कोन जवळजवळ ६५ अंशांचा आहे. एका अंशाच्या ६० कला, आणि पृथ्वीच्या पृष्ठावरील एका कलेची लांबी म्हणजे एक सागरी मैल. अर्थात हे अंतर सुमारे ३,८९० सागरी मैल भरते. सागरी मैलाची लांबी १,८५२ मीटर असावी, असे मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १९२९ साली ठरले. त्या मापाने मुंबई–लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजेच सुमारे ४,४८० साधे मैल आहे.

अक्षांश आणि रेखांश ठाऊक असले तर, असे वर म्हटले आहे. पण ते ठाऊक होण्यासाठीच माणसाला पिढ्यान्‌पिढ्या खपावे लागले. आपल्याकडील ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ धरून देशांतर मोजत. एकच चंद्रग्रहण दोन गावी कोणकोणत्या वेळी दिसले, ह्यावरून त्या गावांमधील पूर्व-पश्चिम अंतर काढण्याची रीत त्यांना अवगत होती. म्हणजे त्या काळीही अंतर आणि वेळ हे एकाच गणिताचे दोन भाग होते. पुढे १८०२ साली विल्यम लॅम्टन ह्याने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणीस आरंभ केला. साखळ्या आणि अवजड कोनमापक यंत्रे घेऊन उत्तरेकडे सरकत असताना १८२३ साली त्याचा अंत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्ट ह्याने पुढे नेले.

ह्या पाहणीतून एक अडचण उद्भवली. पृथ्वी चेंडूसारखी नेमकी गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. एव्हरेस्टने १८३० साली हिंदुस्थानच्या मोजणीस जुळणारा पृथ्वीचा आकार ठरवला. त्याच वर्षी जॉर्ज एअरी ह्याने ब्रिटनच्या मोजणीस जुळणारा आकार दिला. दोघांच्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या एकमेकींपेक्षा सुमारे २८७ मीटरनी वेगळी होती. शिवाय प्रत्येक देशाची मोजणी आपापल्या खुणेपासून सुरू होत असे. त्यामुळे मुंबईचे स्थान एका पृथ्वीवर आणि लंडनचे दुसऱ्या पृथ्वीवर मांडलेले, अशी स्थिती होती. कृत्रिम उपग्रहांनी सबंध पृथ्वी एकदम मोजली तेव्हा हा भेद मिटला. १९८४ च्या जागतिक मापनपद्धतीनुसार विमानतळांची स्थाने द्यावीत, हा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीत १ जानेवारी १९९८ पासून लागू झाला. तेव्हापासून दोन विमानतळांमधील अंतर हा वादाचा विषय उरलेला नाही.

अंतराचे हे गणित पूर्णत्वास जाण्याच्या कितीतरी आधी प्रवासाला प्रारंभ झाला होता. ३० मार्च १९२९ रोजी ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेज ह्या कंपनीने लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत टपाल व उतारू नेण्याची नियमित सेवा सुरू केली. हा सगळा मार्ग सुमारे ५,००० मैलांचा होता. बृहद्वृत्ताने मोजल्यास लंडन–कराची अंतर चार हजार मैलांहूनही थोडे कमी भरते; म्हणजे हजारभर मैलांचा वळसा होता. त्या वेळच्या विमानांचा वेग ताशी सुमारे १०० मैल. पाच हजारांना शंभराने भागले तर ५० तास येतात. प्रत्यक्षात मात्र सात दिवस, म्हणजे १६८ तास लागत. उरलेले ११८ तास कोठे जात होते?

त्यांतील काही रात्रींनी घेतले, कारण अंधारात उड्डाण होत नसे. काही इंधन भरण्यात आणि विमान बदलण्यात गेले. भूमध्य समुद्र ओलांडण्यासाठी पाण्यावर उतरणारी विमाने होती, आणि त्यापुढे जमिनीवरची. पण बराचसा वेळ माणसांच्या आपसांतील कलहाने खाल्ला. इटलीने ब्रिटिश विमानांना उत्तरेच्या सरहद्दीवरून आत येऊ दिले नाही. म्हणून उतारूंनी क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधील बासेलपर्यंत विमानाने जावे, तेथे आगगाडीत बसून जिनोआ गाठावे आणि मग पुन्हा विमानात बसावे, अशी व्यवस्था करावी लागली. जगातील सर्वांत वेगवान वाहनाच्या मार्गात आल्प्स पर्वत आगगाडीने ओलांडावा लागे!

पुढे इजिप्तहून बगदादकडे जाताना वाळवंट लागे. तेथे वैमानिकाला वाट दाखवण्यासाठी ब्रिटिश हवाई दलाने १९२१ पासून मोटारींच्या चाकोऱ्या उमटवल्या होत्या, काही ठिकाणी नांगरही धरला होता, आणि उतरण्याच्या जागांवर अक्षरे व आकडे काढले होते. मराठीत नांगराच्या रेघेलाही तासच म्हणतात. त्या तासाच्या आधाराने वैमानिक आपले तास मोजीत. बगदादनंतर इराणच्या किनाऱ्याने बुशायर, लिंगे, जास्क अशी ठाणी घेत विमान कराचीस पोहोचे. १९३२ साली इराणची परवानगी संपली आणि सबंध मार्ग आखाताच्या दुसऱ्या बाजूस, अरबस्तानच्या किनाऱ्यावर न्यावा लागला. शारजाला विमानतळ आणि उतारूंसाठी तटबंदीचे विश्रामगृह उभे राहिले ते ह्याच कारणाने.

त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा ह्यांनी एकच यंत्र असलेल्या ‘पस मॉथ’ जातीच्या छोट्या विमानातून सुमारे २५ किलो टपाल कराचीहून मुंबईस आणले आणि लंडन–मुंबई हवाई टपालाचा शेवटचा दुवा जोडला. वाटेत अहमदाबादेस ते उतरले तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. जुहूच्या मैदानावर विमान टेकले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी पुढचे टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. कराची ते मुंबई हे अंतर सरळ मोजले तर साडेपाचशे मैलांचे. आकाशातील वेग किती, ह्याच्या जोडीला जमिनीवरची बैलगाडी किती वेळात येते, हेही त्या दिवशीच्या हिशोबात धरावे लागले.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा ही दोन ठाणी घेऊन लंडनला गेले. ह्या तीन टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर भरते. म्हणजे सर्वांत आखूड वाटेपेक्षा वळसा केवळ दहाव्या हिश्श्याचा. प्रवासाला सुमारे २४ तास लागत. सात दिवसांचा एक दिवस झाला. १९६० साली एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि पुढे वाटेत न थांबता लंडन गाठणारी विमानेही आली. आता ह्या प्रवासाला साधारणपणे साडेनऊ-दहा तास लागतात.

वेळ मोजायची म्हणजे नेमकी कोठून कोठपर्यंत, हाही प्रश्न आहेच. चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा काळ निराळा. वेळापत्रकात मात्र विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन चाकांपुढे ठोकळे लावले जाईपर्यंतचा काळ धरतात. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल येते, रांगेत थांबणे येते आणि लंडनवर उतरण्याची आज्ञा मिळेपर्यंत घातलेल्या घिरट्याही येतात. शिवाय निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची लंडनची. समजा, एखादे विमान सकाळी ७ वाजता मुंबईहून निघून दुपारी १२ वाजता लंडनला पोहोचते असे पत्रकात छापले आहे. वजाबाकी ५ तास सांगते. पण हिवाळ्यात दोन्ही देशांच्या घड्याळांतील साडेपाच तासांचे अंतर मिळवले की प्रवास साडेदहा तासांचा निघतो, आणि उन्हाळ्यात ब्रिटिश घड्याळे तासभर पुढे सरकलेली असल्याने तोच साडेनऊ तासांचा होतो. मुंबईत तर १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ही व्यवहारात होती. उज्जयिनीच्या ज्योतिष्यांना हा गोंधळ परका वाटला नसता.

ह्या सर्वांवर वाऱ्याचा अंमल चालतो. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेतील वाऱ्यांचे वेग मोजले आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रचंड झोतप्रवाह शोधून काढले. आपला शोध जगाला कळावा म्हणून त्यांनी तो १९२६ साली एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला. दुर्दैवाने त्यामुळेच तो फारशा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जपानवर चाल करून गेलेल्या अमेरिकन वैमानिकांना हे वारे अंगावर घेऊनच ओळखावे लागले. नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना ह्या प्रवाहाचा मुद्दाम उपयोग केला, तेव्हा १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला.

मुंबई–लंडन मार्गावरही हाच न्याय आहे. विमानाचा हवेतील वेग ताशी ८८० किलोमीटर आणि पश्चिमेचा वारा सरासरी ८० किलोमीटर धरला, तर लंडनकडे जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८०० राहतो आणि ७,२०० किलोमीटरला ९ तास लागतात. परतताना वेग ९६० होतो आणि साडेसात तास पुरतात. वारा जाताना जे घेतो ते येताना परत देतो, असे मात्र समजू नये. वारा नसता तर जाऊन-येऊन सुमारे १६ तास २२ मिनिटे लागली असती. वाऱ्यासह साडेसोळा लागतात. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून नुकसान फायद्याहून थोडे अधिकच होते.

परंतु वारा कितीही प्रबळ असला तरी त्याचा अंदाज बांधता येतो. माणसाच्या मनाचा तसा बांधता येत नाही. १९४४ च्या डिसेंबरमध्ये शिकागो येथे झालेल्या करारान्वये प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता मान्य झाली. तेव्हा बृहद्वृत्ताची रेघ गणिताने काढली, तरी तिच्यावरून उडण्याची मुभा खाली राहणाऱ्या राष्ट्रांकडून मिळवावी लागते. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७१ चे आहे. ‘गंगा’ ह्या भारतीय विमानाचे अपहरण होऊन ते लाहोरला जाळण्यात आले. त्यानंतर फेब्रुवारीत भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना मनाई केली. कराची आणि ढाका ही तेव्हा एकाच देशाची दोन शहरे, मधले अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. पण विमानांना श्रीलंकेवरून वळसा घालून जवळजवळ दुप्पट प्रवास करावा लागला. दोन शहरे एका मैलानेही लांब गेली नव्हती. तरी ती एकमेकांपासून दुरावली होती, आणि त्या वर्षअखेरीस ती एका देशात उरली नाहीत.

मुंबईहून निघणारा आखूड मार्ग नेमका कराचीच्या डोक्यावरून जातो, हे वर आलेच आहे. म्हणून दोन शेजाऱ्यांत वितुष्ट आले की त्याचे पडसाद ह्या वाटेवर उमटतात. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बहुतांशी बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. अशा वेळी विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जाते. युरोपातही तेच घडले. २०२२ साली युक्रेनच्या युद्धामुळे युरोपीय विमानांना रशियाचे आकाश मिटले, तेव्हा हेलसिंकीहून टोकियोचा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे १३ तासांवर गेला. १९२९ साली आल्प्सपाशी उतारूंना आगगाडीत बसवणारी जी अडचण होती, तीच ही. विमाने नवी, अडचण जुनी.

तात्पर्य, दोन विमानतळांमधील अंतर पृथ्वीने एकदाच ठरवून दिले आहे आणि ते मोजण्याचे काम लॅम्टनच्या साखळीपासून उपग्रहांपर्यंत येऊन पुरे झाले आहे. वेग यंत्रांनी वाढवला, वाऱ्याचा कल शास्त्रज्ञांनी ओळखला. उरलेला भाग शेजाऱ्याशी शेजाऱ्याचे कसे चालले आहे, ह्यावर अवलंबून असतो, आणि तो मोजण्याचे यंत्र कोणत्याही वेधशाळेत नाही. मुंबई–लंडनच्या वेळापत्रकात एखाद्या वर्षी अर्धा-पाऊण तास वाढलेला दिसला, तर त्याचे कारण शोधताना वाऱ्याकडे पाहावे, आणि वाऱ्याने उत्तर दिले नाही तर त्या दिवसाच्या वर्तमानपत्राचे पहिले पान उघडावे.